माळेखालची ग्रंथी

गेल्या कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात एका भगिनीने मला विचारले, "ताई, तुमच्या गळ्यावर ही रेघ कसली हो?" मी "ऑपरेशन झालं होतं" एवढेच म्हणून विषय बदलला. पण ती टाळ वाजवू लागली तेव्हा माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. टाळ थांबले तरी तिची बोटे थांबत नव्हती. मग रात्रभर मला चुटपुट लागली. तिला तेव्हाच सगळे सांगायला हवे होते. ते राहिले, म्हणून हे लिहिते आहे.

मी कोरेगाव तालुक्यातली. शिवणकाम करते. आमच्या घरात वारी मामंजींपासून आहे. ते गेले आणि 2006 साली मी माळ घातली, तेव्हापासून माउलींच्या सोहळ्यात आळंदी ते पंढरपूर चालते. आमचे हे वारीला निरोप द्यायला येतात, आणायला येतात, पण त्यांनी माळ घातलेली नाही. त्याचे कारण रविवारी आमच्या चुलीवर शिजते, एवढे सांगितले तरी वारकऱ्यांना कळेल.

2020 आणि 2021 या दोन वर्षांत पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.तून पंढरीला गेल्या आणि आम्ही दूरदर्शनसमोर बसून हात जोडले. 2022 ला पुन्हा चालायचे ठरले तेव्हा आनंद काय वर्णावा! पण त्या माघापासूनच माझ्या देहाचे काहीतरी बिनसले होते. भूक राक्षसासारखी लागे. चार भाकरी खाऊनही तासाभरात पोट रिकामे. तरी अंगावरचे कपडे ढिले होत होते. दुसऱ्यांची मापे घेणारी मी, माझ्याच पोलक्यांना दोन्ही बाजूंनी टीप मारून घेत होते. पाच महिन्यांत अकरा किलो वजन गेले. गावात बायका म्हणायच्या, "बारीक झालीस, छान दिसतेस." झोप उडाली. थंडीतही घाम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुईत दोरा ओवता येईना. सूनबाई शेजारी बसून दोरा ओवून द्यायची आणि मी चष्म्याला दोष द्यायची.

जवळच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी वय विचारले. बावन्न म्हटल्यावर हसून म्हणाले, "पाळी जायचे दिवस आहेत, घाम यायचाच. लोहाच्या गोळ्या घ्या आणि फार विचार करू नका." मीही तेच धरून बसले. त्यांना एकट्यांना काय म्हणावे? मी तरी कुठे गळ्याकडे पाहिले? तुळशीची माळ मी दोन वेढे करून गळ्याशी घालत असे. ती आवळू लागली. कातडीवर मण्यांचे वळ उठू लागले. मी काय केले, तर एक वेढा सोडला. माळ सैल झाली आणि मला वाटले प्रश्न सुटला.

त्या वर्षी आळंदीत कोण रडत नव्हते? दोन वर्षांनी कळस दिसला तेव्हा धट्टेकट्टे बाप्येसुद्धा ओक्साबोक्शी रडत होते. त्यामुळे माझे डोळे सतत पाणावलेले आहेत, हात कापताहेत, घामाने लुगडे भिजते आहे, याचे कोणाला काही वाटले नाही. वाटले ते भलतेच. पुण्याच्या मुक्कामी कीर्तनात महाराजांनी अष्टसात्त्विक भाव सांगितले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मी पुढेच बसले होते. स्वेद, कंप, अश्रू हे तर माझ्या अंगावर दिसतच होते, आणि उरात असे काही धडधडत होते की पदर हलावा. मागून एक आजी म्हणाल्या, "आमच्या ताईकडे बघा, भाव जागा झालाय." दुसऱ्या दिवशी दिवे घाट चढून वर आले तेव्हा माझ्या छातीत मृदंग द्रुतात वाजत होता आणि दोघी-तिघींनी माझ्या पायांना हात लावला.

खोटे कशाला सांगू? मला ते आवडले. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्याचे काही नाही. पण हे वेगळे होते. एवढी वर्षे चालले, आता कुठे पांडुरंगाने हात धरला, असे मनात आले. मी रात्री मुद्दाम पुढच्या रांगेत बसू लागले.

नीरेचे स्नान झाले आणि लोणंदला पायाला मोठा फोड आला, म्हणून वैद्यकीय पथकाच्या तंबूत गेले. तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती. माझ्या सुनेहून लहान. तिने फोड साफ केला, पट्टी बांधली आणि सहज म्हणाली, "माउली, हात द्या." तिने मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत राहिली. मग नळी छातीला लावली आणि पुन्हा पाहत राहिली. एका हाताने नाडी, दुसऱ्या हाताने नळी. नंतर म्हणाली, "छातीत दीडशेच्या आसपास ठोके पडताहेत आणि मनगटापर्यंत जेमतेम एकशे दहा पोचताहेत. तेही एकसारखे नाहीत." तिने मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यावर धरल्यासारखा फडफडू लागला. मग पाण्याचा घोट घ्यायला सांगून ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. माळ जरा बाजूला करू का, असे विचारून तिने बोटांनी चाचपले.

मी म्हटले, "बाळा, हा भाव आहे. नामाने होतो असं." ती हसली नाही. हे मला आजही आठवते. म्हणाली, "असेल माउली. पण भाव असेल तर तो झोपेत तरी उतरेल. रात्री गाढ झोपेत तुमची नाडी कोणी पाहिली आहे का?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गाढ झोपच कुठे होती?

पुढच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. ते त्या वर्षी माझ्या नशिबी नव्हते. माझी तुळस जाऊबाईंच्या डोक्यावर गेली आणि मी रुग्णवाहिकेतून साताऱ्याला गेले. रस्त्याने उलट दिशेने दिंड्या येत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

रक्त तपासले. थायरॉईडचे टी-थ्री, टी-फोर खूप वाढलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य. थायरॉईड ही ग्रंथी गळ्यात श्वासनळीच्या पुढे फुलपाखरासारखी बसलेली असते. देहाचा वेग ती ठरवते. चूल किती पेटवायची, काळीज किती धावायचे, आतडी किती हलायची, सगळे तिच्या रसावर. माझ्या आजाराचे नाव ग्रेव्हज. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 साली अशा काही बायकांचे वर्णन केले होते. त्यांच्या गळ्याला सूज होती आणि छातीत विलक्षण धडधड होती. यात शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून या ग्रंथीला टोचत राहते आणि ग्रंथी थांबायचे विसरते. काहींचे डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात, सतत पाणावतात. माझे अश्रू कशाचे होते ते कळले.

हृदयाचे मात्र नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी आधी आकुंचन पावायचे आणि मग खालच्यांनी, असा क्रम असतो. थायरॉईडचा रस अति झाला की वरचे कप्पे नुसते थरथरतात. त्यांच्या तपासणीच्या कागदावर रेघोट्या वेड्यावाकड्या उमटल्या होत्या. मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला. दिंडीत मृदंगाचा ठेका सुटला आणि प्रत्येक टाळकऱ्याने आपापली लय धरली, तर आवाज खूप होईल पण पाऊल पडणार नाही. तसे. आणि त्यात धोका असा की थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी लगेच सुरू झाली. सोबत ग्रंथीला आवर घालणारे कार्बिमॅझोल आणि हृदयाचा वेग कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल. डॉक्टर म्हणाले, "आणखी वर्षभर भाव समजून बसला असता तर हृदय थकून फुगलं असतं."

चार महिन्यांत बरे वाटू लागले. दोरा ओवता येऊ लागला. पण नोव्हेंबरात घसा दुखून ताप आला. मी हळदीच्या गुळण्या करत दोन दिवस काढले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लाल शाईत लिहून दिले होते की या गोळीवर असताना घसा दुखून ताप आला तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायचे. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवला होता आणि विसरले होते. ह्यांना तो दिसला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. या औषधाने क्वचित कोणाला असे होते, त्या क्वचितात मी. नऊ दिवस रुग्णालयात काढले. पेशी वर आल्या, पण ते औषध आता जन्मात घ्यायचे नाही असे ठरले. किरणोत्सारी आयोडीनचा उपाय असतो, पण त्याने माझ्या डोळ्यांचा त्रास वाढण्याची भीती होती. राहिली शस्त्रक्रिया, पूर्ण ग्रंथी काढण्याची.

पुण्यातल्या सर्जनांनी अर्धा तास बसवून सांगितले. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते, दोन्ही बाजूंनी एकेक, दोऱ्यासारखी बारीक. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. शिवाय मागे डाळीएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात, त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. त्या रुसल्या तर हातपाय वळतात. मला बाकीचे काही ऐकू आले नाही. मी दिंडीत बायकांच्या चाली सांगते. माझा आवाज गेला तर? सर्जन म्हणाले, दीडशे वर्षांपूर्वी या शस्त्रक्रियेत लोक टेबलावरच दगावायचे, आणि ती सुरक्षित केली म्हणून थिओडोर कोखर या स्विस सर्जनांना 1909 साली नोबेल मिळाले. मला धीर यावा म्हणून त्यांनी ते सांगितले. मला पहिला भागच लक्षात राहिला.

शस्त्रक्रियेआधी दहा दिवस आयोडीनचे थेंब घ्यायचे होते, ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी व्हावा म्हणून. रस उफाळलेला असताना भूल देणे जिवावरचे असते, म्हणून प्रोप्रॅनोलॉलही वाढवले. ते सगळे निमूट घेतले. पण आदल्या रात्री नर्सबाई म्हणाल्या, "ताई, गळ्यातलं सगळं उतरवून ठेवा."

मंगळसूत्र काढताना काही वाटले नाही, असे लिहिले तर लोकांना विचित्र वाटेल. पण माळेवर हात गेला आणि तो पुढे सरकेना. सोळा वर्षांत ती एकदाही उतरली नव्हती. बाळंतपणे माळेच्या आधीची. मी नर्सबाईंना म्हटले, मनगटाला बांधते. त्या म्हणाल्या, चालणार नाही. मनात आले, उद्या काही झाले तर मी बिनमाळेची जाईन. रात्री साडेनऊला दिंडीच्या महाराजांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माळ कशाला असते बाई? विसरू नये म्हणून. तू उद्या विसरणार आहेस का?" मी नाही म्हटले. "मग काढ. आणि डॉक्टरला त्याचं काम नीट करू दे, मध्येमध्ये बोलू नको." मला हसू आले, तेव्हा कुठे हात पुढे झाला.

ह्यांनी माळ घेतली. घरून आणलेल्या तुळशीच्या पानांत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली.

जाग आली तेव्हा गळ्याशी एक नळी होती आणि घसा आग आग करत होता. कोणीतरी विचारले, "नाव सांगा." मी नाव सांगितले नाही. "विठ्ठल" म्हटले. आवाज कुत्र्याने चावल्यासारखा फाटका, पण होता. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे आपोआप आखडू लागली. शिरेतून कॅल्शियम दिले आणि पुढे दोन महिने कॅल्शियमच्या गोळ्या चालल्या. टाके मी आरशात पाहिले. शिवणकाम करणारी म्हणून सांगते, आतून घातलेली ती टीप इतकी सफाईदार होती की मला हेवा वाटला. घरी येऊन माळ पुन्हा घातली, दोन वेढ्यांत. सूनबाईने नंतर हळूच सांगितले की माळ खिशात होती तेवढे दिवस मामंजींनी, म्हणजे ह्यांनी, मटणाला हात लावला नाही. मी विचारले नाही. तेही बोलले नाहीत.

ग्रंथी गेली म्हणजे काळीज लगेच शांत होईल असे मला वाटले होते. तसे होत नाही. आधीचा टी-फोर रक्तात असतो, तो निम्मा व्हायला आठवडा लागतो, उरलेल्याचा निम्मा व्हायला आणखी आठवडा. हृदयाची गोळीही एकदम तोडायची नसते, पायरीपायरीने उतरवतात. फेब्रुवारीत कागदावरच्या रेघा पहिल्यांदा सरळ ओळीत आल्या. चोवीस तास छातीला यंत्र बांधून पाहिले, तरी ठोका चुकला नाही. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी बंद केली. माझ्या काळजाची लय पुन्हा बसली होती.

आणि नेमके तेव्हाच मी कोरडी पडले.

हे लिहायला जड जाते. 2023 चा चैत्र. अंग जड, चेहरा सुजलेला, उन्हाळ्यातही थंडी वाजे. हरिपाठाला बसले की तोंड चालायचे, मन दगड. घाम नाही, कंप नाही, डोळ्यांत टिपूस नाही. गेल्या वारीत ज्या नामाने उर फुटायला यायचा ते नाम आता किराणा मालाची यादी वाचल्यासारखे. मनात आले, त्या गाठीबरोबर डॉक्टरांनी माझा विठ्ठलही कापून काढला का? की तो तिथे कधी नव्हताच? आजी पाया पडल्या त्या कोणाच्या? माझ्या, का टी-थ्रीच्या? असले विचार कोणाला सांगणार? देव्हाऱ्यासमोर बसून मी चक्क रुसले.

तपासणीत टीएसएच 38 आले. ग्रंथी काढल्यावर तिचा रस गोळीतून घ्यावा लागतो, थायरॉक्सिन, जन्मभर. माझा डोस कमी पडत होता. वेग आधी अति होता, आता फार मंद. डोस पंचाहत्तर मायक्रोग्रॅमचा शंभर केला आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले. गोळी सुरू करतानाच मी विचारले होते, ही कशाची असते, कारण आम्ही माळकरी. डॉक्टर म्हणाले, 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरे केले होते आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आता मात्र हे औषध प्रयोगशाळेत तयार होते. मेंढीचे ऐकून ह्यांचा चेहरा खुलला होता, तेवढाच.

2023 च्या वारीला चालायची परवानगी नव्हती. म्हणून लोणंदला शिलाई मशीन घेऊन बसले. फाटलेल्या पिशव्या, उसवलेल्या छाट्या, पताकांच्या कडा. त्या तंबूत मी ती डॉक्टर मुलगी शोधली. ती त्या वर्षी नव्हती.

2024 ला पूर्ण वाट चालले. पहाटे तीनला जाग आली की आधी थायरॉक्सिनची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा तासाभराने. चहात किंवा दुधात ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची वा लोहाची गोळी असेल तर तिच्यात चार तासांचे अंतर हवे. दिंडीत सगळ्या चहाच्या पातेल्याभोवती आणि मी एकटी बाजूला, म्हणून मला "चहाची एकादशी" असे नाव पडले. काही बायका वजन उतरावे म्हणून ही गोळी मनाने वाढवतात, असे मी कानांनी ऐकले. बायांनो, तसे करू नका. जास्तीच्या गोळीने काळीज पुन्हा तसेच फडफडते. आणि बरे वाटले म्हणून सोडूही नका.

दिवे घाटात श्वास लागला. वर येऊन दगडावर बसले आणि मनगट धरले. एकशे अठरा. मग पाणी प्याले, समोरून दिंड्या जात होत्या, त्यांच्या पताका मोजत बसले. दहा मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. कोणी पाया पडायला आले नाही. मी उठून दिंडी गाठली. आवाज पूर्वीइतका वर चढत नाही, तारसप्तकात फाटतो, म्हणून चाली आता खालच्या पट्टीत सांगते. बायकांना तेच सोपे जाते म्हणे.

भाव परत आला का, असे महाराजांनी एकदा विचारले. मी म्हटले, "माहीत नाही. झोप लागते." ते नुसतेच "बरं" म्हणाले.

त्या वर्षी हे पहिल्यांदा वाखरीपासून सोबत चालले. मुक्कामी रोज रात्री माझी नाडी मोजायची सवय त्यांनी घरी लावून घेतली होती, ती तिथेही सोडली नाही. बाजूच्या तंबूत जागर चालला होता. घड्याळ डोळ्यांशी धरून ते ओठांनी मोजत होते. मध्येच थांबले. "अडुसष्ट का एकोणसत्तर? टाळांत चुकलं," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.